चार ट्रंका, पाच लाख आणि 31 मार्च: ग्रामीण महाविद्यालयाने जुन्या कागदांचं डिजिटल दालन कसं उभारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात तुमचं कला महाविद्यालय आहे. जवळच्या गावातल्या जुन्या मालगुजार (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदार) घराण्याने वाडा पाडताना चार ट्रंका कागद तुमच्या ग्रंथालयाला दिले. त्यांत कापडात बांधलेल्या पोथ्या, मोडीतली दप्तरं, साप्ताहिकांचे बांधीव अंक, काही फोटो आणि झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटकांची पत्रकं व हस्तलिखित संहिता आहेत. संस्थेने पाच लाख मंजूर केलेत, ते 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवेत. स्कॅनरची तीन कोटेशनं हातात आहेत. प्राचार्यांना विद्यापीठासारखं 'डिजिटल अर्काइव्ह' संकेतस्थळावर हवं आहे. कोणता स्कॅनर आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि मूळ कागद तुमच्याकडे ठेवावेत की विद्यापीठाला द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितं आणि दुर्मीळ ग्रंथांचा विभाग बरीच वर्षं सांभाळला. तिथे एका महाविद्यालयाची हार्ड डिस्क आली होती. हजारो फोटो, प्रत्येकाचं नाव आयएमजी आणि पुढे एक आकडा. कोणतं पान कोणत्या पोथीचं, पोथी कोणाच्या घरची, मधली पानं राहिलीत का, काहीच कळायला मार्ग नव्हता. काम करणारे ग्रंथपाल बदलून गेले होते. कागद घरमालकाने परत नेले होते. मेहनत प्रामाणिक होती, पण वापरता येईल असं त्यातून फार थोडं निघालं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: दहा वर्षांनी, तुम्ही त्या खुर्चीवर नसताना, एखाद्याला या ट्रंकांतलं नेमकं एक पान सापडेल का? स्कॅनर त्या वाटेवर बऱ्याच उशिरा येतो.

आधी मालकी. 'घराण्याने दिले' म्हणजे कोणी दिले? अशा घराण्यांचे वारस आज नागपूर-पुण्याला असतात, गावात एखादे काका उरलेले असतात. काकांनी मोकळ्या मनाने ट्रंका दिल्या आणि वर्षभराने पुतण्याने परत मागितल्या, हे मी पाहिलेलं आहे. एक साधं देणगीपत्र करा. कायमचे दिले की फक्त प्रती काढायला दिले, महाविद्यालयाने ते लोकांना दाखवायचे की नाही, संकेतस्थळावर टाकायचे की नाही, आणि काही कागद घरातच राहावेत अशी इच्छा असेल तर कोणते, एवढ्या गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. शक्य तेवढ्या वारसांच्या सह्या घ्या. कागद देण्याविषयी मन साशंक असेल तर आग्रह धरू नका. प्रती काढून मूळ कागद सन्मानाने परत करणं हाही चांगला मार्ग आहे.

कागद मिळाला म्हणजे त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट मिळाला असं होत नाही. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. लेखक 1964 साली वारला असेल तर हक्क 31 डिसेंबर 2024 ला संपला. झाडीपट्टीच्या संहितांचे बरेच लेखक अलीकडचे, काही तर हयात. न छापलेल्या संहितांचा हिशोब आणखी वेगळा, त्यामुळे तिथे सरसकट 60 वर्षं धरून चालू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक, बिनानफ्याच्या ग्रंथालयाला आपल्याकडे कागदी प्रत असलेल्या लेखनाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. पण ठेवणं वेगळं आणि जगाला खुलं करणं वेगळं. खुलं करायला लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. या लोकांचं पोट त्या संहितेवर चालतं. त्यांना न विचारता नाटक संकेतस्थळावर टाकणं मला नियमाच्या पलीकडेही चूक वाटतं.

आता यादी. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव यादीत आहे. एकही पान स्कॅन झालं नाही आणि नीट यादी झाली, तरी तुम्ही त्या ट्रंका वाचवल्या असं मी म्हणेन.

ट्रंका उघडल्यावर कागद विषयवार लावायची घाई करू नका. कोणता रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) कोणत्या ट्रंकेत, कोणत्या क्रमाने होता, ते आधी लिहून घ्या आणि वरून फोटो काढा. जमाबंदीच्या कागदांमध्ये खोचलेली एखादी चिठ्ठी त्या जागीच अर्थ देते. तिथून काढून 'पत्रव्यवहार' फाइलीत घातली की ती मुकी होते. मग प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: ट्रंक, रुमाल, वस्तू. 02-05-011 म्हणजे दुसरी ट्रंक, पाचवा रुमाल, अकरावा कागद. हा क्रमांक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन आणि ग्रंथालयाचा शिक्का दोन्ही लांब ठेवा. स्कॅनच्या फाइलचं नाव हाच क्रमांक आणि पुढे पान क्रमांक. फाइलच्या नावात देवनागरी, मोकळी जागा, 'फायनल', 'नवीन' असलं काही नको.

मोडी वाचता येत नाही म्हणून यादी अडत नाही. लिपी, पानं किती, लांबी-रुंदी, शाई, अवस्था, कुठे शिक्का किंवा स्टॅम्प आहे का, वाचता येणारं एखादं गावाचं नाव आणि दिसेल तसं वर्ष, एवढं लिहा. वर्षाचे दोन रकाने ठेवा. पहिल्यात कागदावर जसं आहे तसं, शके, फसली, संवत काय असेल ते. दुसऱ्यात इसवी सन. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79. फसलीचं गणित प्रदेशाप्रमाणे बदलतं, म्हणून मूळ आकडा कधीही पुसू नका. पुढे पुराभिलेख संचालनालयाचं मोडीचं प्रशिक्षण घेतलेला कोणी मिळाला की तो हीच यादी भरत जाईल. संचालनालयाची एक शाखा नागपूरला आहे, तिथे विचारणा करा.

पोथ्यांपैकी एखादी देवनागरीसारखी दिसेल, पण वाचायला गेलात तर अर्थ लागणार नाही. तिच्यावर 'अवाच्य' असा शेरा मारू नका. ती महानुभाव पंथाच्या सकळ किंवा सुंदरीसारख्या सांकेतिक लिपीतली असू शकते. आपल्या भागात हे अगदी शक्य आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, महानुभाव मठांमध्येही जाणकार आहेत. दोन पानांचे स्पष्ट फोटो दाखवून विचारा. आणि पंथाच्या लोकांनी एखादा ग्रंथ सर्वांना खुला करू नका असं सांगितलं तर ते ऐका, यादीत तशी नोंद करा.

यादी एक्सेलमध्ये करा, युनिकोडमध्येच. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या कितीतरी याद्या मी पाहिल्यात, ज्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. तुमचा टंकलेखक जुन्या सवयीचा असेल तर त्याला युनिकोडचा कीबोर्ड शिकवण्यात गेलेला आठवडा वाया जात नाही.

आधी काय स्कॅन करायचं? इथे माझं मत बहुतेकांना उलटं वाटतं. पोथ्या थांबू शकतात, साप्ताहिकं थांबू शकत नाहीत. पोथीचा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, त्यावर काजळीची शाई. पाणी आणि वाळवी यांपासून राखली तर ती आणखी शंभर वर्षं सहज काढेल. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. तुमचे अंक 1930 ते 1950 च्या दरम्यानचे आहेत असं लिहिलंत. घडीवर पान तुटतंय, कडा तपकिरी झाल्यात आणि उलटताना भुगा पडतोय ना? मग प्रत्येक हाताळणी शेवटची असू शकते. शिवाय पोथीच्या ग्रंथाची दुसरी प्रत कुठेतरी मिळण्याची आशा असते. तालुक्याच्या गावातून निघालेल्या साप्ताहिकाचा तो अंक कदाचित तुमच्याचकडे असेल. विदर्भातल्या दलित चळवळीची, शेतकऱ्यांची, विद्यार्थी परिषदांची बातमी अशाच अंकांत सापडते.

दुसरा नंबर मी गावाच्या हक्कांच्या कागदांना देईन, कारण त्यांची गरज आजच्या माणसांना आहे. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि हा भाग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्यामुळे कागद मराठी, हिंदी, इंग्रजी असे मिश्र असतील. त्यात वाजिब-उल-अर्जाची (गावातल्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्राची) नक्कल, निस्ताराच्या (गावकऱ्यांच्या जंगल-चराईच्या वापरहक्कांच्या) नोंदी, तलावाच्या पाळीच्या दुरुस्तीचे हिशोब, कोणत्या बांध्यांना कोणत्या क्रमाने पाणी द्यायचं याची टिपणं निघू शकतात. जंगलातून सरपण, बांबू, चराई कोणत्या गावाने कुठे करायची, मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासळीवर कोणाचा हक्क, हे त्यांत लिहिलेलं असतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत निस्तारसारखे सामूहिक हक्क हा पुरावा म्हणून धरलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर आपल्याकडच्या किती ग्रामसभा असे कागद शोधत फिरल्या ते तुम्ही जाणताच.

एक सावधगिरी मात्र हवी. खासगी ट्रंकेतली नक्कल म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. तिचा उपयोग असा की कोणत्या वर्षाच्या, कोणत्या बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या), कोणत्या क्रमांकाच्या कागदाची नक्कल अभिलेख कक्षातून मागायची ते नेमकं कळतं. 'आमच्या गावाचे जुने कागद द्या' असा अर्ज रिकामा परत येतो. वर्ष आणि मौजा लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या यादीत मौज्याचं नाव हा स्वतंत्र रकाना ठेवलात तर ग्रामसभेचा माणूस दहा मिनिटांत आपला कागद शोधेल. कुळांच्या कर्जाचे, भांडणाचे, जातीच्या उल्लेखाचे कागद मात्र सरसकट खुले करू नका. त्या माणसांची नातवंडं त्याच गावात राहतात.

नाटकांच्या पत्रकांबद्दल तुम्ही 'हेही ठेवायचं का' असं विचारलंय. जरूर ठेवा. झाडीपट्टी रंगभूमीवर रात्रभर हजारो लोक बसतात, वडशाला कंपन्यांची बुकिंग होतात, पण ग्रंथालयांनी तिच्याकडे फार कमी पाहिलं. पत्रकं हलक्या रंगीत कागदाची, मंडई किंवा शंकरपट संपला की टाकून द्यायची वस्तू. त्यांवर नट-नट्यांची नावं, गावातलं मंडळ, छापखाना, तिकिटाचा दर सगळं असतं, फक्त वर्ष नसतं. ते काढता येतं. समजा पत्रकावर 'रविवार, 22 जानेवारी' आहे. 22 जानेवारीला रविवार 1950, 1956, 1961, 1967 आणि 1978 मध्ये आला. तिकीट आण्यांत असेल तर दशमान नाणी यायच्या आधीचं, म्हणजे 1950 किंवा 1956. 'न. पै.' असेल तर 1961, कारण नवा पैसा हा शब्द 1957 ते 1964 एवढाच नाण्यांवर चालला. पत्त्यात 'जि. चांदा' असेल तर तसंच लिहा, शेजारच्या रकान्यात आजचा जिल्हा. वडसा तेव्हा चांद्यात होतं, 1982 पासून गडचिरोलीत आहे. असं काढलेलं वर्ष चौकटी कंसात टाका, म्हणजे ते कागदावरचं नाही हे वाचणाऱ्याला कळेल.

संहितेच्या दोन प्रती सापडल्या तर दुसरी फेकू नका. एकीवर प्रॉम्प्टरने लाल शाईने काटलेले संवाद असतील, दुसरीवर एखाद्या गावासाठी घातलेलं जास्तीचं गाणं. मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठवून जुन्या नटांच्या आणि हार्मोनियमवाल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, संमतीपत्रासह, आणि त्या फाइलला संहितेचाच क्रमांक जोडा. कागद थांबेल, माणसं थांबणार नाहीत.

आता स्कॅनर. पाठवलेल्या तीन कोटेशनांपैकी दोन कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्राची आहेत. ती कार्यालयीन फाइलींना ठीक, भुगा होणाऱ्या कागदाला घातक. बांधीव अंक काचेवर पालथे दाबायचे तर पाठ मोडते. माझ्या अनुभवात तुमच्या साठ्याला वरून पानाकडे पाहणारा कॅमेरा-स्टँड, दोन्ही बाजूंनी तिरके पडणारे दोन दिवे, चांगला कॅमेरा आणि पुस्तक अर्धवट उघडं धरणारा पाळणा लागतो. फोटोंसाठी आणि सुट्ट्या पत्रकांसाठी एक साधा सपाट स्कॅनर. फ्लॅश नको. पानाच्या शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा.

सगळं रंगीत, 300 ते 400 डीपीआयवर (इंचामागे ठिपके), मूळ फाइल टिफमध्ये (चित्र न दाबता जसंच्या तसं ठेवणाऱ्या प्रकारात), वाचकांसाठी त्यावरून पीडीएफ. हिशोब असा: ए-फोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला सुमारे 26 एमबी होतं, 400 ला सुमारे 46. दहा हजार पानं 400 वर म्हणजे साधारण 460 जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या म्हणजे दीड टीबीच्या आसपास. हार्ड डिस्कचा खर्च यावरून काढा. ओसीआरवर (चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखण्यावर) सध्या फार भिस्त नको. स्वच्छ छापील मराठीचं बऱ्यापैकी होतं, शिळाप्रेस आणि फिकट साप्ताहिकांत चुका फार, मोडीत तर हातानेच.

एजन्सीला काम द्यायचं झालं तर पानामागे सर्वात कमी दर पाहून देऊ नका. कार्यादेशात लिहा: बांधणी कापायची नाही, काम ग्रंथालयाच्या आवारातच, कव्हर आणि कोरी पानंही घ्यायची, टिफ फाइली आमच्या ताब्यात द्यायच्या, फाइलींची नावं आमच्या यादीप्रमाणे. रक्कम यादीशी पडताळून झाल्यावरच अदा करायची. ही शेवटची अट नसेल तर राहिलेली पानं कधीच भरून मिळत नाहीत.

मार्चअखेरच्या खर्चाचं म्हणाल तर तुमचा निधी कोणत्या शीर्षाखाली आहे त्यावर अवलंबून आहे. साधनसामग्रीचं शीर्ष असेल तर कॅमेरा-स्टँड, यूपीएस, हार्ड डिस्क, स्टीलचं कपाट आणि आम्लरहित पेट्या यांत बसतात. मानधन त्यात बसत असेल तर मोडी वाचणाऱ्यासाठी काही रक्कम नक्की काढा. महागडं यंत्र घेऊन माणसाला पैसे उरले नाहीत तर ते धूळ खातं.

साठवणीबद्दल. चंद्रपूरचा मे महिना आणि पत्र्याची खोली हे हार्ड डिस्कचे शत्रू, वरून लोडशेडिंग. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी: विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा ओळखीच्या दुसऱ्या महाविद्यालयात. सीडी-डीव्हीडीवर विसंबू नका. क्लाउड घेतलात तर खातं महाविद्यालयाच्या नावाने असू द्या, कोणाच्या खासगी ईमेलवर नको. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून यादीत ठेवा आणि वर्षातून एकदा तपासा, म्हणजे एखादी फाइल आतून बिघडली तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच दुरुस्त करता येईल.

सॉफ्टवेअरला वेळ आहे. डी-स्पेस चांगलं आणि मोफत आहे, विद्यापीठं तेच वापरतात, पण त्याला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तुमच्याकडे तो आज नाही असं दिसतं. नीट यादी आणि नीट नावांच्या फाइली असल्या तर त्या पुढे कुठल्याही प्रणालीत चढवता येतात. तोवर संकेतस्थळावर यादी आणि निवडक पन्नासेक पानं टाका. नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) समितीला दाखवायलाही ते पुरेसं आहे, हे प्राचार्यांना माझ्या वतीने सांगा.

कागदांना लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक आणि कडक ऊन यांपैकी काहीही लावू-दाखवू नका. मऊ ब्रशने धूळ झाडा, बुरशी दिसली तर मास्क लावा, तो रुमाल वेगळा ठेवा आणि हवेशीर सावलीत वाळवा. पोथ्या धुतलेल्या सुती कापडात परत बांधा. कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा, वाळवी तिथूनच येते.

राहिला शेवटचा प्रश्न. कोरडी खोली, कुलूप, दोन माणसांकडे किल्ली आणि दाखल नोंदवहीत नोंद, एवढं तुमच्याकडे होत असेल तर मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या. गावातल्या माणसाला नागपूरपेक्षा तुमचा ग्रंथालय-कक्ष जवळचा आहे आणि कागदांतली गावंही तुमच्याच अवतीभवतीची आहेत. खोली गळकी असेल किंवा पद रिक्त होण्याच्या मार्गावर असेल तर विद्यापीठाला द्या, पण घराण्याला विचारून. पावती दोन प्रतींत घ्या, तिला संपूर्ण यादी जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असू द्या. 'जुने कागद, चार ट्रंका' एवढंच लिहिलेली पावती स्वीकारू नका.